दारातला सिग्नल

“हळू बोल,” आई कुजबुजली.

मी बोललेच नव्हते. ओट्यावर स्टीलचा पेला ठेवला, त्याचा जो काय आवाज झाला तेवढाच. पण बाबा झोपलेले असले की आमच्या घरात पेल्याचंही बोलणं धरलं जायचं.

बाबा मालगाडीचे ड्रायव्हर. आता लोको पायलट म्हणतात, पगाराच्या कागदावरही तसंच येतं, पण आमच्या रेल्वे कॉलनीत सगळे ड्रायव्हरच म्हणायचे. ड्रायव्हरच्या झोपेला काळवेळ नसतो. रात्रभर कोळसा ओढून सकाळी घरी आले की दुपारी झोपायचं आणि ड्युटीचा कॉल आला की उठून पुन्हा निघायचं. म्हणून आतल्या खोलीच्या खिडकीवर जाड घोंगडं टांगलेलं असायचं. दाराची कडी वाजू नये म्हणून तिला चिंधी बांधलेली. भात पातेल्यात शिजायचा, कारण कुकर शिट्टी मारतो. झोप झाली नाही तर ड्रायव्हरचा गाडीवर डोळा लागतो, आणि मग काय होतं ते कॉलनीत कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

त्या दुपारी मात्र मला बोलायचंच होतं. पाच वाजता प्रवेशाची साईट बंद होणार होती.

झालं होतं असं की मला अर्थशास्त्राच्या पदवीसाठी दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला होता. एक हैदराबादला, एक दिल्लीला. बारावीला मार्क बरे पडले, परीक्षा चांगली गेली आणि जे एकही मिळेल की नाही अशी धाकधूक होती, ते दोन मिळाले. लोकांना वाटेल काय नशीब आहे पोरीचं. माझी तर पाचावर धारण बसली होती. आमचं जंक्शन म्हणजे महाराष्ट्राचं अगदी शेवटचं टोक. त्याच स्टेशनातून एक गाडी वर दिल्लीला जाते, दुसरी खाली हैदराबादला. लहानपणापासून दोन्ही गाड्या येताजाताना बघितल्या, पण आपल्याला कधी त्यातली एक निवडावी लागेल असं कुठं वाटलं होतं.

त्यात मोठी पंचाईत अशी की बाबांना फक्त हैदराबादचं माहीत होतं.

ते आधी कळलं होतं. बाबांनी लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर लोक ड्युटीची हजेरी लावतात तिथं, सगळ्यांना पेढे वाटले होते. हैदराबादला माझी आत्या. तिनं कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवल्याचा फोनही आला होता. शनिवारी कॉलेज सुटलं की पोरगी रात्री घरी, असा बाबांचा हिशोब. आणि मग दिल्लीचं कळलं. नेमके तेव्हा बाबा बूट घालून दारात उभे होते. आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला आणि डोळ्यांनीच सांगितलं, आत्ता नाही.

कारण आमच्या कॉलनीत एक नियम होता. रेल्वेच्या पुस्तकात नसलेला, पण पुस्तकातल्या नियमांपेक्षा कडक. ड्युटीला निघालेल्या माणसाला डोक्याला ताप होईल असं काही सांगायचं नाही. सासू आजारी असो, पोरगं नापास झालेलं असो, घरातला गॅस संपलेला असो, सगळं तो परत आल्यावर. ड्रायव्हर घरातून थंड डोक्यानं निघाला पाहिजे. आता गंमत बघा. परत आल्यावर तो झोपणार, म्हणून बोलायचं नाही. उठल्यावर कॉल आलेला, म्हणून बोलायचं नाही. म्हणजे सांगायला वेळ अशी त्या घरात कधी नव्हतीच. दिवसामागून दिवस गेले. आज जो दिवस उजाडला तो शेवटचा.

“हैद्राबादले हो म्हणून टाक,” आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, इतक्या हळू की मी तिच्या ओठांवरूनच समजले. “संपला विषय. त्याईले दिल्लीचं कळाचंच काय काम?”

“पण आई, मला अजून ठरवता नाही आलं.”

“त्याच्यात ठरवाचं काय हाय? दिल्लीत आपलं कोण हाय, सांग. काही झालं, तापानं फणफणली, कोणी काही बोललं, तर रडाले तरी कोणाजवळ जाशीन?”

हे ती म्हणत होती, आणि माझं मनही नेमकं तेच म्हणत होतं. मी दिल्ली बघितलेली नव्हती. इंग्रजीत सलग चार वाक्यं बोलायची वेळ आली की माझ्या घशाला कोरड पडायची. रात्री डोळे मिटले की एक मोठा वर्ग दिसायचा, सगळ्या पोरी भराभरा बोलताहेत आणि मी मागच्या बाकावर वहीत डोकं घालून बसलेली. हैदराबाद वाईट असतं तर प्रश्नच नव्हता, पण तेही चांगलं होतं. तिथं आत्या होती, तिची दोन पोरं होती, आणि मला तिथं जायची अजिबात भीती वाटत नव्हती. तरी दिल्लीचं नाव मनातून पुसलं जात नव्हतं.

आतून बाबांची कूस बदलल्याचा आवाज आला. आम्ही दोघी गप्प. आईच्या हातातले तांदूळ तसेच हातात. थोड्या वेळानं पुन्हा शांत झालं, तशी आईनं श्वास सोडला.

तेवढ्यात बाबांचा फोन थरथरला. कॉल आला होता. म्हणजे आता बाबा उठतील, आंघोळ करतील, जेवतील आणि निघतील. पाचच्या आत.

“झालं,” आई म्हणाली. “आता तर काहीच बोलू नको. आन हाय तुले माही.”

मी मोबाईल घेऊन मागच्या दारानं बाहेर पडले. आमच्या क्वार्टरमागे दुर्गेकाकूंच्या भिंतीशी उभं राहिलं की तिथंच काय ती रेंज यायची. हैदराबादवर बोट ठेवायचं आणि मोकळं व्हायचं, असं ठरवूनच मी निघाले होते.

दुर्गेकाकू मागच्या पायरीवर बसून जेवत होत्या. त्या रेल्वेच्या दवाखान्यात कामाला होत्या, सकाळची पाळी संपवून नुकत्याच आलेल्या. अंगावर अजून कामावरची निळ्या काठाची साडी होती. काका होते तेव्हा काकू घरीच असायच्या. काका गेले आणि त्यांच्या जागी काकूंना नोकरी लागली.

काकांचं सांगायला हवं. भास्कर दुर्गे. बाबांचे गुरूच म्हणा ना. बाबा नवे असताना त्यांचे असिस्टंट होते. एका दुपारी काका भरलेली मालगाडी घेऊन निघाले आणि वाटेतल्या एका लहानशा स्टेशनात लाल सिग्नल ओलांडून गेले. गाडी रूळ संपतात तिथल्या रेतीच्या ढिगात घुसली, इंजिन आडवं झालं. सोबतचा नवा असिस्टंट वाचला, काका नाही वाचले. इतक्या वर्षांच्या नोकरीत ज्यांनी कधी पिवळासुद्धा चुकवला नव्हता त्यांनी लाल कसा चुकवला, याचं उत्तर चौकशीत मिळालं नाही. कॉलनीला मात्र मिळालं होतं. निघताना काकू दारात काहीतरी बोलल्या म्हणे. भांडण झालं म्हणे. काका कॉलनीच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले होते, हे समोरच्या बाईनं बघितलं होतं. बस, तेवढ्यावरून आमच्या कॉलनीचा तो नियम लोखंडासारखा पक्का झाला. काकूंच्या तोंडावर कुणी कधी काही बोललं नाही. पण कुणाचा नवरा ड्युटीवर निघाला असला आणि काकू समोरून येताना दिसल्या, की बाया क्षणभर दार लोटून घ्यायच्या. माझी आईसुद्धा.

“काय झालं वं आमू?” काकूंनी विचारलं. माझं नाव आम्रपाली, पण कॉलनीत मी आमूच. “तोंड काहून असं करून ठेवलं?”

मी म्हटलं काही नाही. मग कसं कोण जाणे, सगळं बोलून गेले. दिल्ली, हैदराबाद, पाच वाजता, बाबा. त्या घास हातात धरून ऐकत राहिल्या.

“मग बाबाले सांगतलं?”

“नाही ना. ते आता निघतील. ड्युटीच्या वेळेला कसं...”

बोलता बोलता मीच थांबले. कुणासमोर काय बोलतोय ते माझ्या लक्षात आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकूंनी ताट बाजूला सरकवलं. तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले, पदराला पुसले. “ड्युटीच्या टायमाले सांगाचं नसते,” त्या म्हणाल्या. “होय. पूर्ण कॉलनी म्हणते. लोकं म्हणतात, दुर्गेबाई दारात भांडली. म्हणतात ना?”

मी मान वर केली नाही.

“म्हणतात. मले माहीत हाय. भांडली असती तर बरं झालं असतं, माय.”

“म्हणजे?”

“मी भांडली नाही. मी हिरवा म्हटलं.”

मला ते लगेच समजलं. हे आमच्याही घरात होतं. काकांनीच बाबांना शिकवलेलं. इंजिनात असं असतं, की सिग्नल दिसला की आधी असिस्टंट मोठ्यानं म्हणतो, हिरवा. ड्रायव्हर स्वतः बघतो आणि मग म्हणतो, हिरवा. असिस्टंटनं म्हटलं म्हणून म्हणायचं नाही, स्वतःला दिसला तरच म्हणायचं. आणि दोघांचं जुळलं नाही तर गाडी पुढं काढायची नाही. काकांनी हे घरी आणलं होतं. निघताना दारात उभं राहून विचारायचं, “सिग्नल?” घरातल्यांनी म्हणायचं, “हिरवा.” घरी सगळं ठीक आहे, निघा. मग त्यांनीही “हिरवा” म्हणायचं आणि पायरी उतरायची. बाबांचंही तसंच. लहानपणी मला तो खेळ वाटायचा, मी तर दारात उड्या मारत ओरडायची.

“त्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेली होती,” काकू सांगत होत्या. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. “छातीत गाठ लागत होती हाताले. डॉक्टर म्हणे, नागपूरले दाखवा, उशीर नका करू. मी घरी आली तं हे निघून रायले होते. मनात म्हटलं, आल्यावर सांगू. यांनी विचारलं, सिग्नल? मी म्हटलं, हिरवा. तं हे माह्या तोंडाकडे पाहतच रायले. म्हणे, नक्की ना, निर्मला? मी म्हटलं, हिरवा म्हटलं ना, जा. हे गेले फाटकापर्यंत अन् वापस आले. म्हणे, काय झालं ते सांग. मी म्हटलं, काही नाही झालं, उशीर होऊन रायला तुम्हाले.”

काकू थांबल्या. आमच्या न्हाणीघरातून बादलीचा आवाज आला. बाबा उठले होते.

“आता गाडीवर ते काय विचार करत होते ते मले नाही माहीत. कोणालेच नाही माहीत. पण सांगतलं असतं तं एक गोष्ट घेऊन गेले असते. नाही सांगतलं, तं शंभर घेऊन गेले.”

“आणि गाठ?” मी कसंबसं विचारलं.

“साधी निघाली. नागपूरच्या डॉक्टरनं हात लावला अन् सांगतलं, बाई, काहीच नाही हे.”

“तुम्ही हे कुणाला सांगितलं का नाही, काकू?”

“कोणी विचारलं?” त्या म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

मी मोबाईल तसाच मुठीत धरून घरी आले. बाबा जेवायला बसले होते. मी समोर बसले आणि त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि कितीतरी दिवसांत आपण त्यांच्याकडे नीट बघितलंच नाही हे ध्यानात आलं. डोळे लाल झालेले. डोळ्यांखाली काळं. पोळीचा तुकडा मोडला, तो वरणात बुडवून तसाच ठेवला. झोपून उठलेला माणूस असा दिसत नाही.

“झोप झाली का?” आईनं विचारलं.

“झाली ना,” बाबा म्हणाले.

हे सांगून ते उठले. डबा घेतला, बूट चढवले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते आणि आई माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत इतकी विनवणी होती की मला रडूच येत होतं. मनात एकच चालू होतं. बोलले आणि यांचं काही बरंवाईट झालं तर जन्मभर आपण दुर्गेकाकू. नाही बोलले आणि झालं, तरी आपण दुर्गेकाकूच. दोन्हीकडून मरण. वाटलं, पळून जावं कुठंतरी मागच्या दारानं आणि हे निघून गेले की यावं.

बाबांनी लाइनबॉक्स उचलला. ड्रायव्हरची ती लोखंडी पेटी, त्यात झेंड्या, टॉर्च, धोक्याच्या इशाऱ्याचे फटाके, नियमांचं पुस्तक. दारात जाऊन उभे राहिले, पाठ आमच्याकडे करूनच. मग वळले.

“सिग्नल?”

“हिरवा,” आई लगेच म्हणाली.

बाबा माझ्याकडे बघत राहिले.

“आमू?”

“पिवळा,” मी म्हटलं.

आईच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली आणि घरंगळत पायरीपर्यंत गेली. “काहीबाही काय बोलून रायली ही,” ती घाईघाईनं म्हणाली, “अवो, तुम्ही जा. चेष्टा करते. हिरवा हाय, हिरवा. जा तुम्ही.”

बाबा हलले नाहीत. त्यांनी लाइनबॉक्स हळूच उंबऱ्यावर ठेवला. आता ते ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडणारे नव्हते, तरी वाटलं.

“पिवळा,” बाबा म्हणाले.

आणि मग उंबऱ्यावरच, पेटीच्या बाजूला बसले. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “मले कवाचा दिसून रायला होता,” ते म्हणाले. “तुम्ही दोघी रोज हिरवा म्हणा. मले वाटे, माह्याच डोळ्यात काही खराबी आली.”

आई भिंतीला टेकून खाली बसली.

“खरं सांगतो. गाडीवरबी तेच. असिस्टंट म्हणे हिरवा, मी दोनदोनदा पाहो. हिरवाच असे, तरी मन म्हणे, तुले बराबर दिसून नाही रायलं. घरी येऊन पडलो की तुमची कुजबुज ऐको. छाया, मले वाटलं तुले काही झालं. मोठं काही दुखणं निघालं अन् तू लपवून रायली. मग वाटे, पोरीचं काही वाकडंतिकडं झालं. झोप कुठची वं. एक दिवस नाही झोपलो धड.”

“आत्ता पण नाही?” मी विचारलं.

“नाही.”

आणि हा माणूस पुढच्या तासाभरात कोळशाच्या अठ्ठावन्न वाघिणी घेऊन निघणार होता. आजही, कधी रेल्वेच्या पुलाखालून जाताना वरून मालगाडी धडधडत गेली, की तळहात ओले होतात माझे.

मी सांगितलं. दिल्लीचं सांगितलं, तिथंच जावंसं वाटतं हे सांगितलं, पाच वाजताचं सांगितलं. लहान पोरासारखं रडत, अर्धं गिळत सांगितलं. बाबा ऐकत होते. माझं संपलं तशी त्यांनी विचारलं, “एवढंच?”

“हो.”

“आईले काही नाही झालं?”

“नाही.”

त्यांनी आईकडे बघितलं. आई तोंडाला पदर लावून रडत होती. “मले वाटलं तुम्हाले ताप होईन,” ती म्हणाली.

“झाला ना,” बाबा म्हणाले.

समोरच्या क्वार्टरमधली बाई दारात आली, आमचा उंबऱ्यावरचा तमाशा बघून पुन्हा आत गेली. बाबांनी बाटली उचलली, घोटभर पाणी प्यायले.

“दिल्ली लांब हाय,” ते म्हणाले. “मले तं भीती वाटते, आमू.”

“मलापण वाटते.”

“तुले भीती वाटते, तं मग जाचं काहून म्हणतं?”

“तुम्हाला आठवतं, मी लहानपणी विचारायची? कोळसा आपल्या इथला, तुम्ही रोज तो इतका वाहून नेता, मग आपल्या इथली लाइट का जाते?”

बाबा पहिल्यांदा थोडं हसले. “डोकं खाये तू माहं. मी म्हणो, मले काय माहीत, मी फक्त हाकतो.”

“तिथल्या अभ्यासात तो प्रश्न आहे, बाबा. वेगळ्या शब्दांत आहे, पण तोच आहे. मी वाचला.”

“अन् उत्तर?”

“ते नाही माहीत.”

“हैद्राबादले नाही शिकवत?”

“तिथंही चांगलं शिकवतात. पण तिथं मी भीती वाटत नाही म्हणून जाईन. दुसरं काही कारण नाही.”

बाबांनी मान हलवली. किती वेळ ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते. माझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं, पण त्यांना घाई करायची माझी छाती नव्हती.

“पिवळ्याले थांबाचं नसते,” शेवटी ते म्हणाले. “हळू जाचं अन् समोरच्या सिग्नलवर डोळा ठेवाचा. तू असिस्टंट आता. तू पहिले बोल, मले दिसलं तं मी बोलीन.”

“दिल्ली,” मी म्हटलं. “पिवळा.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. “दिल्ली. पिवळा,” ते म्हणाले.

आईनं डोळे पुसले. “मले तं लालच दिसून रायला,” ती म्हणाली. कुणी तिला खोडलं नाही. खोटं थोडंच बोलत होती ती.

मग बाबांनी जे केलं ते मी त्यांना कधी करताना बघितलं नव्हतं. त्यांनी लॉबीत फोन लावला. “खोब्रागडे बोलतो,” ते म्हणाले. “माही झोप नाही झाली. मी फिट नाही गाडीले.” पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू येत होता. ऐन वेळी दुसरा माणूस कुठून आणू, आधी नाही का सांगायचं, असं काहीतरी. बाबा ऐकून घेत होते. “होय साहेब. पण मी फिट नाही,” एवढंच ते पुन्हा म्हणाले आणि फोन ठेवला.

मी मागच्या भिंतीशी जाऊन दिल्लीवर बोट ठेवलं. घाईत पहिल्यांदा भलतंच काहीतरी उघडलं. दुर्गेकाकू त्यांच्या खिडकीत उभ्या होत्या. “गेले का बाबा?” त्यांनी विचारलं.

“नाही गेले. झोपले.”

काकूंनी खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरले. “झोपू दे,” त्या म्हणाल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मी परत आले तेव्हा बाबा खरंच झोपले होते, बाहेरच्या खोलीत, सतरंजीवर, बूट पायात तसेच, घोरत. आईनं भात पातेल्यातच लावला होता.

दिल्लीत सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. त्या मोठ्या वर्गाची जी भीती मला वाटायची, तो वर्ग तसाच निघाला. दर रविवारी बाबांचा फोन यायचा. इकडचं तिकडचं न बोलता ते आधी विचारायचे, “सिग्नल?” मी म्हणायची, “पिवळा.” तेही “पिवळा” म्हणायचे आणि मग आईच्या हातात फोन द्यायचे. थंडी पडायला लागली तेव्हा गणिताच्या पेपरात मी सपशेल आपटले. खोलीतली मुलगी माझ्याशी बोलत नव्हती, मी कुणाशी बोलत नव्हते, आणि पलंगाखालची बॅग मी भरून ठेवली होती. त्या रविवारी मी म्हटलं, “लाल.”

पलीकडून लगेच फोन बंद झाला.

एक दिवस मध्ये गेला आणि मग हॉस्टेलच्या फाटकावरून निरोप आला, कोणी भेटायला आलंय. मी गेले. बाबा उभे होते. अंगात ड्युटीचा शर्ट, हातात लाइनबॉक्स. ड्युटीवरून उतरून घरी न जाता तसेच गाडीत बसले होते. आईनं स्टेशनवर येऊन डबा आणि दुर्गेकाकूंनी दिलेली जवसाची चटणी हातात दिली, तेवढंच.

“तुम्ही कसे काय आलात?” मी विचारलं.

“तू लाल म्हटलं ना,” बाबा म्हणाले. “लालले थांबाच लागते. थांबलो.”

आम्ही फाटकाजवळच्या बाकावर बसलो. भाकर खाल्ली. त्यांनी काही विचारलं नाही, काही समजावलं नाही. मी म्हटलं, “बाबा, मला घरी यायचं आहे.” ते म्हणाले, “मग चाल. गाडी मागंबी घेता येते, त्याचाबी नियम हाय.” इतकं सहज म्हणाले की मला खूप रडू आलं आणि रडून झाल्यावर भूक लागली. चटणी जहाल तिखट होती. ऊन उतरेपर्यंत आम्ही बसून होतो. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं बाबांना चहा आणून दिला.

परतीच्या गाडीची वेळ झाली, तरी मी बॅग आणायला खोलीत गेले नाही. ते उठले, लाइनबॉक्स उचलला, चार पावलं गेले आणि वळले. मला माहीत होतं, आता ते घरी जातील, झोपतील न झोपतील आणि पुन्हा गाडीवर चढतील. वाटलं, हिरवा म्हणावं. एवढ्या लांबून आलेत, सुखानं जातील तरी.

“सिग्नल?” त्यांनी विचारलं.

“पिवळा,” मी म्हटलं.

बाबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“पिवळा,” ते म्हणाले, आणि निघाले.